स्थलांतर शिकायला निघण्यापूर्वी

ऑगस्ट उजाडला की कुणाच्या तरी भाचीचा, मित्राच्या विद्यार्थ्याचा फोन येतो. ‘मायग्रेशन अँड डेव्हलपमेंटमध्ये मास्टर्स करायचंय. कुठलं विद्यापीठ चांगलं?’ मी उलट विचारतो, ‘कुणाचं स्थलांतर?’ आणि पलीकडून क्षणभर काहीच ऐकू येत नाही. मी स्वतः अर्ज केले तेव्हा मलाही हे कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे पहिल्या वर्षीचे माझे सगळे अर्ज ज्या गतीने गेले त्याच गतीने परत आले.

आधी प्रश्न, मग विद्यापीठ

बीडहून साखर कारखान्यावर जाणारं नवरा-बायकोचं जोडपं, ज्याला सगळे ‘कोयता’ म्हणतात. विटा-आटपाडीकडून सोनं-चांदी गाळायला भारतभर पसरलेले गलाईवाले. सिंधुदुर्गातून मुंबईत आलेला चाकरमानी. गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेलेलं कुटुंब. कोयनेच्या पाण्याखाली गाव गेल्यावर ठाणे-रायगडकडे वसवलेली माणसं. ही सगळी स्थलांतरंच, पण यांचा अभ्यास एका वर्गात बसून होत नाही.

ढोबळमानाने या विषयाची तीन घराणी आहेत. पहिलं श्रम आणि विकासाचं: माणसं का जातात आणि त्यांनी पाठवलेल्या पैशाने मागे काय होतं. १८८५ साली रेव्हनस्टाइनने ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे ‘नियम’ मांडले, तिथून हा प्रवाह सुरू होतो. १९७० मध्ये हॅरिस आणि टोडारो यांनी दाखवलं की शहरात बेकारी असली तरी माणूस येत राहतो, कारण तो मिळू शकणाऱ्या मजुरीच्या आशेवर निघतो. पुढे ओडेड स्टार्क वगैरेंनी म्हटलं की निर्णय एकट्याचा नसतो, घराचा असतो. कोकणातल्या माणसाला हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. एक भाऊ भातशेतीवर, एक गिरणीत, कारण दुष्काळ आणि संप एकाच वर्षी यायची शक्यता कमी. याच घराण्यातली एक गोष्ट मात्र नवख्यांना चकवते. गरीब देशाचं उत्पन्न वाढू लागलं की बाहेर जाणाऱ्यांची संख्या आधी वाढते, कारण अगदी गरिबाकडे तिकिटाचेही पैसे नसतात. ‘विकास झाला की लोक गावातच राहतील’ असं अर्जात लिहाल, तर वाचणारा प्राध्यापक तिथेच थांबेल.

दुसरं घराणं सक्तीच्या स्थलांतराचं. यात कायदा जास्त येतो. १९५१ चा निर्वासितांविषयीचा करार, त्यावर भारताने सही केलेली नसणं, आश्रय, छावण्या. प्रकल्पामुळे उठवलेली माणसंही इथे येतात, पण ती देशाच्या हद्दीतच राहिल्यामुळे त्यांना ‘निर्वासित’ हा कायदेशीर दर्जा मिळत नाही. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहापासून नर्मदेपर्यंतचा आपला इतिहास बघता महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला या प्रवाहात सांगण्यासारखं खूप असतं आणि तो बहुधा ते सांगत नाही.

तिसरं डायस्पोराचं, म्हणजे मायदेश सोडून दुसरीकडे वसलेल्या समाजांचं: मॉरिशसमधले मराठी, कोकणातून इस्रायलला गेलेले बेने इस्रायल ज्यू, त्यांची भाषा, सण, आठवणी. हे संस्कृतीच्या अभ्यासाजवळ जातं.

आपला प्रश्न कुठल्या घराण्यातला आहे हे चार ओळींत लिहा. लिहिता आलं नाही तर एक वर्ष थांबलेलं बरं. मनापासून सांगतो, थांबण्यात कमीपणा नाही.

नावं सारखी, अभ्यासक्रम वेगळे

ऑक्सफर्डला दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत: एक स्थलांतर अभ्यासाचा, दुसरा निर्वासित आणि सक्तीच्या स्थलांतराचा. दोन्ही नऊ महिन्यांचे, म्हणजे श्वास घ्यायला वेळ नाही. दुसऱ्यामागे १९८२ साली बार्बरा हॅरेल-बाँड यांनी उभं केलेलं निर्वासित अभ्यास केंद्र आहे. ससेक्समध्ये विकास अभ्यासाची जुनी परंपरा आहे आणि १९६६ पासूनची इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज त्याच आवारात आहे. श्रम आणि विकास हाच तुमचा प्रश्न असेल तर तिकडे बघा. लंडनच्या सोआसमध्ये आशिया-आफ्रिकेच्या भाषा आणि समाजांचं वजन जास्त असल्याने डायस्पोराच्या माणसाला तिथे घर सापडतं. नेदरलँड्समध्ये दि हेगला १९५२ पासूनची इन्स्टिट्यूट ऑफ सोशल स्टडीज आहे. आज ती रॉटरडॅमच्या इरास्मस विद्यापीठाचा भाग आहे आणि वर्गात बहुसंख्य विद्यार्थी आपल्यासारख्याच देशांतले असतात. युरोपातल्या अनेक विद्यापीठांनी मिळून चालवलेले इरास्मस मुंडस अभ्यासक्रमही आहेत. ओल्डेनबर्ग विद्यापीठाच्या समन्वयाने चालणारा, ‘एमिर’ या लघुनावाने ओळखला जाणारा स्थलांतराचा अभ्यासक्रम त्यातलाच, आणि त्यात आफ्रिकेतली विद्यापीठंही भागीदार आहेत.

भारतातले पर्याय लोक उगाच दुय्यम समजतात. मुंबईत देवनारला आयआयपीएस, म्हणजे इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस, १९५६ पासून लोकसंख्या शिकवते आहे. आकड्यांवर पकड हवी असेल तर तिथली दोन वर्षं परदेशातल्या एका वर्षापेक्षा जास्त शिकवतात, असं माझं मत आहे. तिथून जवळच टीआयएसएस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आहे, जिथे विकास अभ्यासाच्या एमएला सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून जावं लागतं. तिरुवनंतपुरमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज १९७१ चं. झकारिया आणि इरुदय राजन यांनी १९९८ मध्ये तिथून केरळ स्थलांतर पाहणी सुरू केली, आणि ती ठरावीक वर्षांनी पुन्हा होत राहिली. आपल्या राज्यात इतकी सलग पाहणी झालेली नाही. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूची स्थलांतर आणि डायस्पोरा या विषयातली पदव्युत्तर पदविका आहे. ती करून विषय आवडतो का ते स्वस्तात कळतं.

संकेतस्थळावरची हसऱ्या विद्यार्थ्यांची छायाचित्रं सोडून द्या आणि तीन गोष्टी शोधा. सक्तीचे विषय कोणते, संशोधन पद्धतींमध्ये आकडेशास्त्र आहे की फक्त मुलाखती, आणि प्रबंध किती शब्दांचा. मग शिकवणाऱ्यांची नावं काढून त्यांचे गेल्या पाच वर्षांतले लेख चाळा. दक्षिण आशियावर काम करणारं कुणीच नसेल, तर तुमच्या ऊसतोडीच्या प्रबंधाला मार्गदर्शक म्हणून मेक्सिकोचा अभ्यासक मिळेल. वाईट नाही, पण आधी माहीत असावं.

कन्सल्टन्सीबद्दल एक वाक्य. त्यांना प्रवेशामागे विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, तेव्हा ते तुम्हाला कमिशन देणाऱ्या विद्यापीठांकडेच नेतील. ऊसतोडीची टोळी जमवून फडावर नेणारा मुकादमही काही वाईट माणूस नसतो, पण तो कुणाचा माणूस आहे हे टोळीला ठाऊक असतं.

पैसा

इथे घाई करू नका. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं.

ब्रिटनमध्ये या विषयाचं वर्षाचं शुल्क परदेशी विद्यार्थ्याला साधारण २० ते ३० हजार पौंड, ऑक्सफर्डला त्याहून जास्त. त्यावर राहणं-खाणं, व्हिसा आणि वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार. हे सगळं कर्जातून उभं करायचं ठरवलंत तर कागद घ्या. ३० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षांची फेड: महिन्याचा हप्ता ४० हजारांच्या आसपास. आता एखाद्या सामाजिक संस्थेतल्या सुरुवातीच्या पगाराची जाहिरात शेजारी ठेवा. शिवाय साडेसात लाखांवरच्या कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागतात, म्हणजे वडिलांचं घर किंवा जमीन. हंगामाआधी उचल घेऊन पुढचे सहा महिने ती फेडत राहणारा मजूर तुम्ही प्रबंधात अभ्यासणार असाल, तर आपली उचल किती महिन्यांची आहे ते आधी मोजा. मी स्वतः कर्ज काढून गेलो नसतो.

मग शिष्यवृत्ती. चेव्हनिंग ब्रिटिश सरकारची, पूर्ण खर्च देणारी. पदवीनंतर दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. अर्ज ऑगस्टमध्ये उघडतात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला मिटतात. शिक्षण संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. राष्ट्रकुल शिष्यवृत्त्या वेगळ्या, त्यांतल्या काही थेट विद्यापीठामार्फत मिळतात. इरास्मस मुंडसमध्ये शुल्क माफ आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात. अर्ज प्रत्येक अभ्यासक्रमाकडे थेट करायचा असतो आणि मुदत बहुधा डिसेंबर-जानेवारीत संपते. इनलॅक्स प्रतिष्ठान १ लाख डॉलरपर्यंत देतं, पण तिथे प्रवेश हातात असावा लागतो आणि वयाची अट आहे. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासूनचं आहे, पण ते देतं ते कर्ज, बक्षीस नव्हे. ही गल्लत दरवर्षी कुणीतरी करतं.

सरकारी योजनांबद्दल दोन गोष्टी आहेत, ज्या मला कुणी वेळेवर सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांसाठी असते. इतर मागास, आदिवासी आणि खुल्या प्रवर्गांसाठी वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. यांत क्यूएस या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीत २०० च्या आतल्या विद्यापीठाची अट असते. गंमत अशी की विकास अभ्यास या विषयापुरती तीच क्यूएस यादी ससेक्सला वर्षानुवर्षं जगात पहिलं ठेवते, पण सर्व विषयांच्या यादीत ससेक्स २०० च्या बाहेर आहे. सोआस तर बरंच खाली. अट सर्वसाधारण क्रमवारीची असल्याने जगातलं पहिलं विद्यापीठ चालत नाही. ऑक्सफर्ड, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि रॉटरडॅमचं इरास्मस चालतात. त्यामुळे या योजनेवर विसंबून असाल तर यादी उलट्या बाजूने करा: आधी २०० च्या आतली विद्यापीठं, मग त्यांतले स्थलांतराचे अभ्यासक्रम. गुण, उत्पन्न आणि रकमेच्या अटी शासन निर्णयांतून बदलत राहतात. गेल्या वर्षीच्या ताईने सांगितलेलं प्रमाण मानू नका, चालू वर्षाचा जीआर स्वतः वाचा.

दुसरी गोष्ट केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपची. ती अनुसूचित जाती, विमुक्त-भटके, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतल्या मुलांसाठी आहे, म्हणजे स्थलांतर ज्यांच्या घरात घडलं त्यांच्यासाठीच म्हणा ना. पण २०२२-२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशी अट आली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे समाजशास्त्रीय संशोधनाचे विषय या शिष्यवृत्तीत बसणार नाहीत. ऊसतोड मजुराच्या मुलीने ऊसतोडीवरच संशोधन करायचं म्हटलं तर ते अडतं. यावर बरीच टीका झाली. अर्ज करताना चालू नियमांत हे कलम कसं आहे ते पाहा आणि विषयाची मांडणी त्यानुसार ठरवा.

राज्याच्या योजनांना बहुधा बिनशर्त प्रवेशपत्र लागतं, आणि बिनशर्त पत्रासाठी अंतिम वर्षाचा निकाल लागतो. आपल्या विद्यापीठांचे निकाल कधी लागतात हे सांगायला नको. माझ्या ओळखीच्या एका मुलीची गुणपत्रिका मुदत संपल्यावर अकरा दिवसांनी आली. तेव्हा शेवटच्या वर्षाला असतानाच निघण्यापेक्षा पदवीनंतर दोन वर्षं काम करून अर्ज करा. चेव्हनिंगची अटही त्यातच पुरी होते.

त्या दोन वर्षांत कुठे काम करायचं

मुंबईचं इंडिया मायग्रेशन नाऊ, नाशिकचं दिशा फाउंडेशन, उदयपूरचा आजीविका ब्युरो हे स्थलांतरित मजुरांवरच काम करतात. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या प्रश्नांवर महिला किसान अधिकार मंच आहे. कामगार खात्याशी किंवा शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाशी संबंधित कामही चालेल. मात्र मजूर नाक्यावर उभं राहून, सकाळी सात वाजता, स्वतः मुलाखती घेतलेल्या असाव्यात.

उद्देशपत्र

२०२० नंतरच्या अर्जांची सुरुवात फार वेळा टाळेबंदीत पायी निघालेल्या मजुरांपासून होते. ‘ते दृश्य पाहून मी हेलावलो.’ हेलावलो आपण सगळेच. ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळावर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली, ते विसरणं शक्य नाही. पण निवड समितीला तुमचं हेलावणं नको असतं. त्यातून उठलेला प्रश्न हवा असतो. १९७९ पासून आंतरराज्य स्थलांतरित कामगारांची नोंद ठेवायला सांगणारा कायदा होता. तरी सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने संसदेत सांगितलं की घरी परतताना किती मजूर मेले याची आकडेवारी ठेवलेली नाही. नोंद कुठे गळते: ठेकेदाराकडे, तालुक्याला, की मजूर स्वतःच नाव द्यायला घाबरतो? हा प्रश्न झाला. यावर वर्षभर अभ्यास होऊ शकतो.

आणखी एक नमुना. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून आलेल्या पैशात महाराष्ट्राचा वाटा सर्वाधिक, २०.५ टक्के होता, केरळचा १९.७. वाचल्यावर छाती फुगवण्याआधी विचारा: पैसा मुंबईतल्या खात्यावर उतरला म्हणजे माणूस महाराष्ट्रातून गेला असं ठरतं का? किंवा २०११ च्या जनगणनेतले ४५ कोटी स्थलांतरित घ्या. त्यांत लग्न होऊन शेजारच्या गावी गेलेली बाईही धरलेली आहे. मग ‘४५ कोटी मजूर’ असं लिहिणाऱ्याला परिमाणच कळलेलं नाही. आकडा संशयाने वाचता येतो हे एका परिच्छेदात दाखवलंत, तर बाकीचं पत्र साधं असलं तरी चालतं.

उरलेल्या जागेत त्या अभ्यासक्रमातला कोणता विषय या प्रश्नाला उपयोगी पडेल ते लिहा. सगळ्या विद्यापीठांना एकच पत्र पाठवू नका, वाचणाऱ्याला ते पहिल्या परिच्छेदातच कळतं.

कागद

शिफारसपत्रासाठी प्राचार्यांपेक्षा तुम्हाला खरोखर ओळखणारा शिक्षक बरा. सरांना पत्र ‘तूच लिहून आण’ म्हणायची सवय असते. तसं झालंच तर त्यांना दोन प्रसंग आठवून द्या, मजकूर त्यांच्या भाषेत येऊ द्या. बहुतेक ठिकाणी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे ६.५ ते ७ गुण पुरतात, ऑक्सफर्डला जास्त. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून ट्रान्स्क्रिप्ट काढायला जून नव्हे, आदल्या वर्षीचा ऑक्टोबर धरा. ब्रिटनच्या व्हिसासाठी उरलेलं शुल्क आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च २८ दिवस खात्यात दिसावा लागतो. पूर्ण शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र चालतं. शिकवणीच्या दिवसांत आठवड्याला २० तासच काम करता येतं. जानेवारी २०२४ पासून अशा अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्याला नवरा-बायको किंवा मूल सोबत नेता येत नाही. शिक्षणानंतर थांबण्याचा दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसाही १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्षाचा होतो. स्थलांतर धोरण वर्गात शिकण्याआधीच अंगावर अनुभवायला मिळतं.

प्रबंध आणि ऋतू

ब्रिटनमधल्या पूर्ण वर्षाच्या अभ्यासक्रमांत प्रबंधाचा काळ जून ते ऑगस्ट. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत संपतो. म्हणजे तुम्ही क्षेत्रकामाला याल तेव्हा फड रिकामे, मजुरांच्या कोप्या मोडलेल्या. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात हंगाम बघायला मिळणारच नाही, म्हणून प्रश्न फिरवा. जूननंतर माणसं गावात असतात आणि पुढच्या हंगामाची बोलणी, उचलीचे हिशेब, मुकादम बदलायचा की नाही हे सगळं तेव्हा घराघरात चालू असतं. मजुरीपेक्षा कर्ज आणि भरतीवर प्रबंध लिहायला याहून चांगला काळ नाही. ज्याला हे आधी सुचत नाही तो ऑगस्टमध्ये फोनवर मुलाखती घेत बसतो.

त्याआधी नीतिमंजुरी. माणसांशी बोलून संशोधन करायचं तर विद्यापीठाच्या समितीची परवानगी लागते, आणि त्याला आठवडे जातात. फॉर्ममध्ये लेखी संमतीचा रकाना असतो. उचलीच्या कोऱ्या कागदावर अंगठा देऊन पोळलेला माणूस तुमच्या कागदावर सही करायला का कचरतो, हे समितीला समजावून तोंडी संमतीची मुभा मागा. बहुधा मिळते. मुकादमाच्या ओळखीने पालावर गेलात तर त्याच्या देखत कुणी खरं बोलणार नाही. आशाताई किंवा शाळेच्या बाईंमार्फत जा.

नंतर

संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीचं स्वप्न घेऊन बहुतेक जण जातात. तिथली ज्युनियर प्रोफेशनल पदं प्रामुख्याने त्यांचा खर्च उचलणाऱ्या सरकारांच्या नागरिकांसाठी असतात, त्यामुळे आपल्याला ते दार जवळजवळ बंद आहे. संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवक, ठरावीक महिन्यांचे सल्लागार करार, दिल्लीतल्या संशोधन संस्था, राज्य सरकारांचे फेलो असे रस्ते आहेत. पहिली दोन वर्षं करारावरच जातात. एमए झालेले शेकडो असतात, पण पाहणीची प्रश्नावली नीट बांधणारा, स्टाटा किंवा आर ही आकडेशास्त्राची सॉफ्टवेअर चालवणारा आणि त्याच संध्याकाळी बीडकडच्या पाटोद्याच्या एखाद्या घरात बसून बायकांशी त्यांच्या बोलीत बोलणारा माणूस नोकरी देणाऱ्यांना सहज सापडत नाही. आकडेशास्त्राचा ऐच्छिक विषय बघून वर्गातले निम्मे लोक पळतात. तुम्ही तो घ्या.